दाण्याआधी झुडूप: साताऱ्या-सांगलीच्या परसातील पाखरे

लहान बागेत रानपाखरे यावीत, राहावीत आणि वाढावीत यासाठी चार गोष्टी लागतात: पाणी, दडायला आडोसा, घरट्याला जागा आणि अन्न. हा क्रम मुद्दाम असा लावला आहे. साताऱ्या-सांगलीकडे पाखरांसाठी काही करायचे ठरले की बहुतेक घरांत सुरुवात शेवटच्या गोष्टीपासून होते. गच्चीवर मूठभर तांदूळ टाकले किंवा बाल्कनीत प्लास्टिकचे फीडर टांगले की काम झाले असे वाटते. पण इथले हवामान, इथली पाखरे आणि त्यांच्या पिलांचे खाणे नीट पाहिले, तर टाकलेला दाणा ही या चारांतली सर्वांत कमी गरजेची गोष्ट ठरते. चुकीच्या रीतीने दिला तर तो अपायही करतो.

पाखरांच्या दृष्टीने हे दोन जिल्हे म्हणजे एकसारखा प्रदेश नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका लागतो आणि तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. सांगली जिल्ह्यातही असेच आहे. चांदोलीच्या कुशीतला शिराळा ओला, तर जत आणि आटपाडी कोरडे. मधल्या पट्ट्यात कृष्णा-वारणेची काळी रानं, ऊस, हळद आणि तासगावकडचे द्राक्षांचे मळे. बुलबुलावरूनही हा फरक ओळखता येतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या आवारांत डोक्यावर टोकदार शेंडी मिरवणारा शिपाई बुलबुल सर्रास दिसतो, तर दहिवडी, विटा, जत या बाजूला शेपटीखाली लाल असलेला लालबुड्या बुलबुलच भेटतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या साताऱ्यात डोंगराकडची आणि मैदानातली अशी दोन्ही पाखरे बागेत उतरतात. त्यामुळे एकच यादी घेऊन दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या बागा लावता येत नाहीत. पाटण किंवा जावळीतल्या बागेत पाण्याचा प्रश्न वर्षातून दोन-तीन महिन्यांचा असतो. माण, खटाव आणि जतमध्ये पाण्याचे एक परळ हीच बागेतली सर्वांत मोलाची वस्तू असते.

बागेत टांगायचे फीडर ही मुळात थंड देशांतली सोय आहे. इंग्लंडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात दिवस लहान असतो, जमीन गोठते, किडे नाहीसे होतात. दहा-पंधरा ग्रॅम वजनाच्या पाखराला लांबलचक रात्र काढायला अंगातली चरबी जाळावी लागते आणि सकाळी ताबडतोब खायला मिळाले नाही तर ते मरू शकते. तिथे थंडीत टांगलेला दाणा जीव वाचवतो. साताऱ्या-सांगलीतली थंडी मात्र पाखरांच्या सुगीची असते. खरिपाचे धान्य निघालेले असते, रब्बीची ज्वारी उभी असते, गवत बियांवर आलेले असते आणि किड्यांना तोटा नसतो. म्हणून तर उत्तरेकडून आणि मध्य आशियातून पाहुणे याच काळात येतात. आवारात शेपूट थरथरवणारा थिरथिरा, हिरवळीवर धावणारा धोबी, ज्वारीवर आणि द्राक्षांवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या हे सगळे आश्विन-कार्तिकात येतात आणि उन्हे तापू लागली की परततात. इथल्या पाखरांचा खरा कसोटीचा काळ फाल्गुनाच्या अखेरीपासून मृगापर्यंतचा. नेमका याच काळात दयाळ, चिमणी, बुलबुल, चीरक अशा अनेकांचा विणीचा हंगामही येऊन पडतो. परदेशी पुस्तकातले वेळापत्रक जसेच्या तसे इथे लावले, तर मदत नको त्या महिन्यात होते आणि हवी तेव्हा होत नाही.

या काळात पहिली गरज पाण्याची. पाखरांना घामाच्या ग्रंथी नसतात. ऊन वाढले की ती चोच उघडून धापा टाकतात आणि श्वासावाटे पाणी बाहेर टाकून अंग थंड ठेवतात. चाळीस अंशांच्या दुपारी हे पाणी झपाट्याने संपते. किडे आणि फळे खाणाऱ्यांना अन्नातूनच बरेचसे पाणी मिळते. चिमण्या, होले, मुनिया यांचे अन्न कोरडे धान्य, त्यामुळे त्यांना रोज पाण्यावर यावेच लागते. ओढे आटलेले, विहिरींना कठडे किंवा जाळ्या, पाटाऐवजी ठिबकच्या नळ्या, अशा परिस्थितीत उघडे पाणी गावातही दुर्मीळ झाले आहे. ठिबक सिंचनाने शेतकऱ्याचे पाणी वाचले, त्यात वाईट काही नाही. पण पाटाच्या कडेला पाणी पिणाऱ्या पाखरांची सोय त्याबरोबर गेली, याची नोंद कुणी घेतली नाही.

पाण्यासाठी कुंभाराकडचे पसरट मातीचे परळ सर्वांत चांगले. ते खडबडीत असते, त्यामुळे पाय घसरत नाही, आणि मातीतून पाझर होत असल्याने पाणी गार राहते. खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको. कडेला उथळ आणि मध्ये थोडे खोल असे असले तर चिमणीपासून साळुंकीपर्यंत सगळ्यांना चालते. मध्ये एक-दोन चपटे दगड ठेवले की लहान पाखरे त्यावर उभी राहून पितात आणि अंघोळही करतात. अंघोळ ही चैन नव्हे. पिसे ओली करून ती चोचीने साफ केली नाहीत तर उडण्यावर आणि ऊब टिकण्यावर परिणाम होतो. जागा सावलीतली, झुडपापासून पाच-सहा फुटांवरची असावी. झुडूप अगदी चिकटून असेल तर त्यात मांजर दबा धरते, फार लांब असेल तर शिक्रा आल्यावर पळायला आसरा राहत नाही. परळाच्या वर एखादे मडके टांगून त्यातून थेंबथेंब पाणी पडू दिले तर त्या हालचालीने आणि आवाजाने लांबची पाखरेही खेचली जातात. डेंग्यूची भीती रास्त आहे, पण तिला उपाय सोपा आहे. एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. परळ दर दोन दिवसांनी काथ्याने घासून, कडा रगडून, नवे पाणी भरले तर त्यात डास होतच नाहीत. साबण किंवा फिनेल वापरू नये. झाडांना बांधलेल्या, महिन्याभरात कोरड्या पडणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या लावण्यापेक्षा एकाच परळाची रोज काळजी घेणे केव्हाही चांगले. मायणीसारख्या तलावांचे महत्त्व सरकारनेही ओळखले आहे. खटाव तालुक्यातील मायणी आणि आसपासचे तलाव मिळून २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. तिथे रोहित येतात, दूरदेशीची बदके येतात. पण परसातल्या चिमणीला तो तलाव उपयोगाचा नाही. तिला घराच्या शे-दोनशे मीटरच्या आत पाणी लागते.

आता अन्नाकडे. दाणे खाणारी बरीच पाखरेसुद्धा पिलांना दाणे भरवत नाहीत. चिमणीची पिले घरट्यात जे पंधरा-एक दिवस काढतात, त्यांतले पहिले दिवस जवळजवळ पूर्णपणे अळ्या, नाकतोडे, मावा, कोळी यांवर जातात. वाढत्या अंगाला प्रथिने लागतात आणि ती दाण्यात पुरेशी नसतात. फुलातला मध पिणारा शिंजीरही पिलांसाठी कोळी आणि किडेच शोधतो. शिंपी, वटवट्या, दयाळ, नाचण, सातभाई, कोतवाल, वेडा राघू यांचे तर आयुष्यभराचे मुख्य अन्न किडे हेच आहे. गच्चीवर कितीही तांदूळ टाकले तरी या यादीतली बहुतेक पाखरे त्याकडे फिरकणार नाहीत. आवारात किडे नसतील तर चिमणीला पोटभर कण्या मिळतील, पण पिले उपाशी मरतील. परसबागेचे मूल्य दाण्याच्या डब्यावर ठरत नाही. ते ठरते तिथल्या पानांवर किती अळ्या जगू शकतात यावर.

अळ्या कुठल्याही पानावर जगत नाहीत. हजारो वर्षे ज्या झाडांबरोबर त्या वाढल्या त्याच झाडांची पाने त्यांना पचतात. वॉशिंग्टन शहराच्या उपनगरांतील बागांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतील वनस्पतींमध्ये परदेशी झाडांचा वाटा तीस टक्क्यांच्या वर गेला की चिकडी या छोट्या किडेखाऊ पाखराची संख्या टिकत नाही, असे त्यात दिसले. हा आकडा इथल्या शिंप्याला किंवा वटवट्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. कारण मात्र तेच आहे. आजकाल बंगल्यांभोवती जी बाग केली जाते ती लॉन, फॉक्सटेल पाम, कोनोकार्पसची कातरलेली भिंत आणि पेव्हिंग ब्लॉक यांची असते. ती स्वच्छ दिसते, कारण तिच्यात कुणी काही खात नाही. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या गोडोलीत अशा बागेशेजारी एखादे जुने आवार उरले असेल, कडीपत्ता, लिंबू, पेरू आणि कुंपणावर तोंडल्याचा वेल असलेले, तर पाखरांची वर्दळ त्या जुन्या आवारातच सापडेल.

कडीपत्ता आणि लिंबू यांची पाने लिंबावरच्या फुलपाखरांच्या अळ्यांचे खाद्य. अळ्यांनी थोडी पाने खाल्ली म्हणून झाड मरत नाही. शिंपी आणि बुलबुल येऊन त्या वेचतात. पावसाळ्यात कडीपत्त्याला काळपट घोस लागतात, ते बुलबुल आणि कोकीळ खातात. शेवगा हे तर परसातले सर्वांत उदार झाड. लवकर वाढते, कमी पाण्यावर जगते, फुलांच्या हंगामात शिंजीर दिवसभर त्यावर असतात, आणि शेंगा माणसाला मिळतात. त्याच्यावर केसाळ अळ्यांचे झुंड बसतात म्हणून अनेक जण शेवगा तोडतात किंवा बोळा पेटवून खोड भाजतात. केसाळ अळ्या बहुतेक पाखरे टाळतात. पावशा आणि त्याच्या कुळातले इतर पक्षी मात्र त्या आवडीने खातात. मृगाच्या आधी ज्याची हाक शेतकरी ऐकतो, त्या पावशाचे ते खाणे आहे. दोन-तीन आठवडे त्या खोडापासून दूर राहिले की अळ्या आपोआप संपतात.

अर्ध्या गुंठ्याच्या, म्हणजे सुमारे पन्नास चौरस मीटरच्या आवारात किती झाडे बसतील हा प्रश्न व्यवहाराचा आहे. एखाद-दुसरे लहान झाड, चार-पाच झुडपे, एक वेल आणि एक न कातरलेला कोपरा एवढे बसते, आणि तेवढे पुरते. झाड म्हणून शेवगा किंवा पेरू. झुडपांत फुलांचा क्रम वर्षभर चालू राहील असे पाहावे. पावसाळा सरताना कोरांटी फुलते, थंडीत अडुळसा, वर्षभर अधूनमधून जास्वंद आणि डाळिंब. वाई, जावळी, पाटण या डोंगरी भागांत धायटी लावावी. सह्याद्रीच्या उतारावरचे हे झुडूप थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत लाल फुलांनी भरते आणि त्यावर शिंजीर तुटून पडतात. कुंपणाला करवंद. ते काटेरी असल्याने मांजर आत शिरत नाही, बुलबुलाला घरट्याची सुरक्षित जागा मिळते, आणि वैशाखात फळ येते. कोरड्या तालुक्यांत फालसा चांगला येतो. कुंपणावर तोंडल्याचा वेल चढवावा आणि काही फळे मुद्दाम पिकू द्यावीत. लाल पिकलेले तोंडले बुलबुलाला आणि कोकिळेला फार आवडते. कामोणीचे रोप आपोआप उगवले तर उपटू नये, त्याचे बी बहुतेक वेळा पाखरांनीच आणलेले असते. घाणेरीच्या फळांवरही पाखरे येतात, तरीही ती लावू नये. तिचे बी पाखरांच्या विष्ठेतून डोंगरावर जाते आणि तिथली मूळ झुडपे ती दडपून टाकते.

न कातरलेला कोपरा ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड गोष्ट आहे. स्वस्त, कारण त्याला काहीच करावे लागत नाही. अवघड, कारण घरातल्या मोठ्यांना आणि शेजाऱ्यांना तो गबाळेपणा वाटतो. त्या कोपऱ्यात गवत बियांवर येऊ द्यायचे, मुनिया त्या बियांवर येतात. गळलेली पाने तिथेच साठू द्यायची. पालापाचोळ्याखाली गांडुळे, झुरळे, वाळवी, मुंग्यांची अंडी असतात, आणि दयाळ, चीरक, सातभाई दिवसभर तो उकरत असतात. सकाळी आवार झाडून पाने पेटवून देण्याची सवय फार जुनी आहे. या धुरात पाखरांचे महिन्याचे अन्न जळते. तेच पान कोपऱ्यात ढीग करून ठेवले तर वर्षभरात खत होते आणि तोवर पाखरांची चराई चालू राहते. आवारात कीटकनाशक फवारू नये, हे त्याच ओघाने आले. द्राक्षाच्या बागेत फवारणी हा शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यावर इथे निवाडा करण्याचे कारण नाही. पण बंगल्यातल्या गुलाबावरचा मावा मारल्याने कुणाचेही पोट भरत नाही.

दाणा द्यायचाच असेल तर तो कसा द्यावा याचे उत्तर या प्रदेशाच्या जुन्या घरांतच आहे. सुगीनंतर जोंधळ्याच्या कणसांचा झुबका वळचणीला किंवा दाराशी बांधायची पद्धत होती. शेतात याच पाखरांना गोफणीने हाकलणारा शेतकरी घरी त्यांच्यासाठी कणसे टांगत असे. फीडरपेक्षा ही पद्धत सर्व बाजूंनी सरस आहे. टांगत्या कणसाला लोंबकळून दाणा काढणे चिमणीला आणि मुनियाला जमते, जड अंगाच्या पारव्याला जमत नाही. कणीस कोरडे राहते, दाणे विष्ठेत मिसळत नाहीत, आणि एकेक दाणा काढायला वेळ लागत असल्याने पाखरे एका जागी दाटीवाटी करत नाहीत. कणसे मिळत नसतील तर आवारातल्या दोन हात जागेत आश्विनात मालदांडीचे मूठभर दाणे पेरावेत आणि कणसे ताटांवरच राहू द्यावीत. राळा आणि बाजरीही चालते. सैल दाणा द्यायचा तर मूठभरच, सकाळी, आणि दुपारपर्यंत संपेल एवढाच. पावसाळ्यात दाणा देऊच नये, भिजलेल्या धान्याला बुरशी लागते आणि त्या बुरशीचे विष लहान पाखरांना मारते. बियाण्याचे उरलेले दाणे कधीही टाकू नयेत. त्यांना औषध चोळलेले असते, बहुधा म्हणूनच ते लाल-गुलाबी दिसतात. पाव, बिस्कीट, फरसाण, शिळा भात ही पाखरांची सेवा नव्हे. शिंजिरासाठी साखरपाण्याच्या बाटल्याही नकोत, त्या उन्हात आंबतात, आणि जास्वंदीचे एक झाड त्याहून जास्त देते.

उघड्यावर पसरलेल्या दाण्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तो पारव्यांना पोसतो. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये आलेल्या अहवालात ९४२ जातींचा विचार केला होता. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी २०४ जातींची संख्या घटलेली आढळली. वाढलेल्या मोजक्या जातींत पारवा आहे. ज्याला मदतीची गरज नाही त्यालाच मदत मिळते आणि तो चिमण्या-होल्यांना हुसकून लावतो. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासावाटे गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईतला दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद झाला तो याच कारणावरून, आणि त्यावरून केवढा वाद पेटला हे महाराष्ट्राने पाहिले. त्या वादात दोन्ही बाजूंना भूतदयेचीच भाषा होती. पण दया कुणावर आणि कुणाच्या किमतीवर, हा प्रश्न विचारल्याशिवाय दया पुरी होत नाही. दाटीवाटीने एका ताटातून खाणाऱ्या पाखरांत रोगही पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या बागेतल्या पाखरात ट्रायकोमोनास या परजीवीची साथ पसरली आणि काही वर्षांतच त्यांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली. हा परजीवी मुख्यतः पारव्यांच्या आणि होल्यांच्या कुळात आढळतो आणि लाळ लागलेल्या दाण्यातून, पाण्यातून दुसऱ्या पाखरांपर्यंत पोहोचतो. उरलेला दाणा रात्री उंदरांना बोलावतो. मग उंदरांसाठी विष ठेवले जाते, आणि ते खाल्लेला उंदीर पिंगळ्याच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या पोटात जातो. गच्चीवरच्या एका वाटीपासून सुरू झालेली साखळी इथवर पोहोचू शकते.

घरट्याचा प्रश्न चिमणीपुरता खरोखर बिकट झाला आहे. साताऱ्याच्या पेठांतले वाडे, खेड्यांतली माळवदाची आणि कौलारू घरे यांत भिंतींना कोनाडे, वाशांमध्ये फटी, तसबिरींमागे तिरपी जागा असे. स्लॅबच्या घरात यातले काहीच नसते. चिमणी नामशेष होत आहे असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशभरातली संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आढळली. घट स्पष्ट दिसली ती मोठ्या महानगरांत. म्हणजे सातारा, सांगली, कराड, विटा यांसारख्या शहरांच्या हाती अजून वेळ आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो आणि त्यानिमित्त लाकडी पेट्या घरोघरी गेल्या, हे चांगलेच झाले. पेटी लावताना भोक सव्वा इंचाच्या आसपास असावे, त्यापेक्षा मोठे असेल तर साळुंकी आत शिरते. उंची आठ-दहा फूट, तोंड दुपारच्या उन्हापासून आणि पावसाच्या माऱ्यापासून वळवलेले, भोकाखाली बसायला काडी नको, कारण ती शत्रूला उपयोगी पडते. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी वैशाखात भट्टी होते. बाकीच्या बहुतेक पाखरांना पेटी लागत नाही. शिंपी रुंद पाने शिवतो, शिंजीर कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी लोंबती पिशवी विणतो, बुलबुल छातीएवढ्या उंचीवर झुडपात वाटीसारखे घरटे करतो. तांबटाला वठलेली फांदी हवी, तो ती कोरून बीळ करतो. पडण्याचा धोका नसेल तर अशी फांदी छाटू नये. विणीच्या काळात, चैत्रापासून श्रावणापर्यंत, कुंपण कातरणे थांबवावे. घरट्याचे फोटो काढायला जवळ जाऊ नये, माणसाच्या येण्याजाण्याकडे कावळ्याचे लक्ष असते.

बागेत बोलावलेल्या पाखराच्या जिवाची जबाबदारी घरावर येते. पाळलेले मांजर रात्री आणि पहाटे घरात ठेवावे. आरशासारख्या काचांवर बाहेरून पट्ट्या चिकटवाव्यात किंवा जाळी लावावी. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काढून टाकावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि त्यात अडकून पाखरे मरतात. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे. पोपट किंवा मुनिया पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो पिंजरा कितीही प्रेमाने सजवलेला असो.

इतक्या लहान जागेने काय होणार, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अर्धा खरा आहे. परसबागेत बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ, चिमणी, तांबट येतील. माणच्या आणि जतच्या माळावरची पाखरे तिथे कधीच येणार नाहीत. धाविक, चंडोल, पखुर्डी, लावा यांना उघडे, कमी उंचीच्या गवताचे माळ लागतात. आज घटीचा फटका सर्वांत जास्त बसला आहे तो अशाच पाखरांना. माळावर झाडे लावून त्यांना मदत होत नाही, उलट त्यांची जागा जाते. पडीक म्हणून नोंदलेला माळ गवताचा माळ म्हणूनच राखणे हे वेगळे आणि मोठे काम आहे, आणि परसात परळ ठेवल्याने त्यातून सुटका होत नाही. मात्र झाडा-झुडपांतल्या पाखरांपुरते पाहिले तर आवारांची बेरीज होते. एका गल्लीत दहा घरांनी करवंदाचे कुंपण केले तर शिंप्याच्या दृष्टीने तो एक सलग पट्टा असतो. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य उजाड टेकड्यांवर झाडे लावून माणसांनी उभे केले आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य घोषित झाले, हे उदाहरण या जिल्ह्यांना परके नाही.

पाखरे बघायला शिकणे हाही या कामाचा भाग आहे. सोलापूरला जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत लोकांच्या तोंडची पाखरांची नावे गोळा केली आणि ती मराठीत रुजवली. त्यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस धरून महाराष्ट्र सरकारने २०२० पासून या आठवड्याला पक्षी सप्ताह ठरवले. हाच काळ थिरथिरा आणि धोबी यांच्या आगमनाचा. शाळांनी त्या आठवड्यात भाषणांऐवजी आवारातल्या पाखरांची मोजणी केली आणि ती दरवर्षी त्याच जागी केली, तर काही वर्षांत त्या गावाकडे स्वतःची नोंद तयार होईल.

परसात मावत नाही असे एक झाड उरते, ते म्हणजे उंबर. त्याची मुळे भिंती उकलतात, म्हणून लहान आवारात ते लावू नये. पण उंबराला वर्षातून अनेकदा फळ धरते, ऐन वैशाखातही धरते, आणि तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, हळद्या, महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे सगळे त्यावर येतात. प्रत्येक मोठ्या लेआउटमध्ये नियमाने सोडलेली ओपन स्पेस असते आणि ती बहुतेक ठिकाणी गाड्या लावायला किंवा मंडप घालायला वापरली जाते. कॉलनीतल्या लोकांनी एकत्र येऊन तिथे मृगाच्या पावसात एक उंबर लावावा, पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावे, आणि त्याच्या बुंध्याभोवती फरशी घालू देऊ नये.